पेशंटचं इंग्रजी

युनायटेड किंग्डममध्ये परिचारिका म्हणून काम करायचं, तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं आणि त्यासाठी इंग्रजी येतं हे दाखवावं लागतं. दोन परीक्षांचे निकाल तिथे चालतात. आयईएल्टीएस ही कुठल्याही क्षेत्रातल्या माणसासाठी, तर ओईटी ही फक्त आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी. ओईटीची घडण १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात झाली. कौन्सिल ती २०१७ पासून स्वीकारते. ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत किमान ३५० गुण, म्हणजे ‘बी’, आणि लिहिण्यात किमान ३००, म्हणजे ‘सी प्लस’, इतकं पदरात पडावं लागतं. केरळच्या मुलींनी ही वाट केव्हाच मळवली. आता आपल्याकडच्या मुलीही तिच्यावर पाऊल टाकू लागल्या आहेत आणि त्यांतल्या कित्येकींचं शिक्षण मराठी माध्यमातलं आहे. तयारीला बसल्या की त्यांना पहिली धास्ती वाटते ती शब्दांची.

पुढच्या संवादात दोघं आहेत. मामा माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, तर भाची मिरजेतल्या एका रुग्णालयात मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स. या परीक्षेची तयारी जिथे चालते तिथे हा वाद कुठल्या ना कुठल्या रूपात होतोच. मी तो दोघांच्या तोंडी घातला आहे.

भाची : मामा, क्लासवाल्यांनी तीन हजार शब्दांची यादी दिलीय. रोज पन्नास केले की दोन महिन्यांत संपते. तुम्ही एवढंच करा, संध्याकाळी माझे शब्द घ्या. शाळेत मुलांचे घ्यायचात तसे.

मामा : आण बघू. प्लेथोरा. उबिक्विटस. फॅस्टिडियस. गॅरुलस. एक्सॅसर्बेट. अगं, ही यादी जीआरईच्या जुन्या पुस्तकातून उचललेली दिसते. त्या परीक्षेत पूर्वी विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या विचारायचे, म्हणून पोरं असले शब्द रात्र-रात्र घोकायची. ते प्रश्न त्यांनी २०११ मध्ये काढून टाकले. तुझ्या परीक्षेत गॅरुलस कोण विचारणार?

भाची : गॅरुलस सोडा. पण एक्सॅसर्बेट येईल की. सीओपीडीचा, म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट विकाराचा, पेशंट दम वाढून आला की डॉक्टर केस पेपरवर ‘ॲक्यूट एक्सॅसर्बेशन’ असंच लिहितात.

मामा : मग तो शब्द तुला यादीच्या आधीच येत होता.

भाची : येत होता, पण स्पेलिंग दरवेळी डगमगायचं. यादीने ते पक्कं केलं. मामा, तुम्ही यादीला बोल लावताय, पण माझ्याजवळ दुसरं काय आहे ते तरी सांगा. आमच्या बॅचला इंग्रजी माध्यमाच्या मुली होत्या. त्यांना हे शब्द कुणी बसून शिकवले नाहीत. घरातला टीव्ही, कपाटातली पुस्तकं, वडिलांचं फोनवरचं बोलणं यांतून ते कानावर पडत गेले. आमच्या घरात कोण बोलत होतं इंग्रजी? शाळेत पहिलीपासून विषय होता, पण बाई धडा वाचून मराठीत सांगायच्या आणि प्रश्नांची उत्तरं आम्ही फळ्यावरून उतरवून घ्यायचो. जे वीस वर्षांत कानावर पडलं नाही ते मला तीन महिन्यांत भरून काढायचंय, तेही नाइट ड्युट्या करून. पाठांतर सोड म्हणालात तर माझ्या हातात काहीच उरत नाही.

मामा : पाठांतर सोड असं मी म्हणणार नाही. आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. पहिलीपासून इंग्रजी राज्यात आलं ते २०००मध्ये. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवत मी मोठा झालो, पाठ केल्याशिवाय मला काहीच आलेलं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. पाठ करायला काय घेतेस, तिथे तुझं चुकतंय. शब्दांच्या याद्या करण्यात लोकांनी हयात घालवलीय. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज गृहस्थ ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावं यासाठी कोणते शब्द आधी द्यावेत, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. त्यातून पुढे १९५३ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची यादी छापली गेली. साध्या इंग्रजी मजकुरातल्या पाच शब्दांपैकी जवळजवळ चार शब्द तेवढ्यात बसतात. मग २००० साली न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठातल्या लिखाणात वारंवार येणारे ५७० शब्दगट वेचून काढले. शब्दगट म्हणजे एक शब्द आणि त्यापासून झालेली त्याची सगळी रूपं. तशा लिखाणाचा आणखी दहा टक्के भाग त्यात येतो. या दोन्ही याद्यांत गॅरुलस सापडायचा नाही.

भाची : म्हणजे यादी चालते. फक्त दुसरी हवी.

मामा : दुसरी हवी, आणि ती वाचायचीही वेगळ्या रीतीने. न्यूझीलंडचेच पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला, की कादंबरी किंवा वर्तमानपत्र अडखळल्याशिवाय वाचायचं, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असायचे, तर आठ-नऊ हजार शब्दगट लागतात. नुसतं बोलणं समजायला सहा-सात हजार.

भाची : मग तर माझी यादी तोकडीच आहे. नऊ हजार म्हणजे दिवसाला पन्नासने सहा महिने!

मामा : त्यातले कितीतरी तुला येतात. तुझं नर्सिंग इंग्रजीतून झालंय. अडचण आहे ती येतात असं वाटणाऱ्या शब्दांची. सांग, सिक म्हणजे काय?

भाची : आजारी.

मामा : सकाळी राउंडला गेलीस. म्हातारे गृहस्थ सांगतात, ‘आय वॉज सिक ट्वाइस इन द नाइट.’ तू काय लिहिशील?

भाची : रात्री दोनदा अस्वस्थ वाटलं.

मामा : त्यांना दोनदा उलटी झाली. ब्रिटनमध्ये ‘फीलिंग सिक’ म्हणजे मळमळणं आणि ‘बीइंग सिक’ म्हणजे ओकणं.

भाची : अरे देवा. म्हणजे इनटेक-आउटपुट चार्टवर दोन उलट्या चढल्याच नाहीत. म्हाताऱ्या माणसाला त्यात डिहायड्रेशन झालं तर?

मामा : आणि हा शब्द तू पाचवीच्या आत शिकलीस. ‘सर्जरी’चं तसंच. ‘आय वेंट टू द सर्जरी ऑन मंडे’ असं कुणी म्हणालं तर त्याचं ऑपरेशन झालं असं धरून चालू नकोस. तिथे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात. ‘पूअरली’ हा शब्द आपण क्रियाविशेषण म्हणून शिकवला. तिथली आजी ‘आय फील पूअरली’ म्हणते, तेव्हा तिला बरं वाटत नसतं. ‘वॉटरवर्क्स’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नगरपालिकेची पाण्याची टाकी येते. त्यांना लघवीची तक्रार सांगायची असते. ‘ऑफ माय फूड’ म्हणजे जेवण जात नाही.

भाची : यातलं एकही माझ्या तीन हजारांत नाही.

मामा : तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, एनएचएसचं, संकेतस्थळ उघडून बघ. एकेका आजारावर पेशंटसाठी सोप्या इंग्रजीत पानं लिहिलीत. शौचाला ते सरळ ‘पू’ लिहितात. मराठी कानाला पू म्हटलं की जखमेतला पू आठवतो, म्हणून तुम्हा मुलींनी तर याची सवय मुद्दाम करायला हवी. ही पानं फुकट आहेत आणि त्यातला प्रत्येक शब्द तुझ्या कामाचा आहे.

इथपर्यंत माझं मत मामांच्या बाजूचं आहे. बाजारातल्या शब्दयाद्या अवघड शब्दांनाच मोलाचे शब्द मानतात आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचा आत्मविश्वास नेमका तिथे पोखरला जातो. तिला वाटतं, आपलं इंग्रजी कमी पडतं ते प्लेथोरा येत नाही म्हणून. हे तिच्या मनावर बिंबवून तिच्याकडून फी घेणं मला अन्यायाचं वाटतं. पण शब्द लक्षात कसे ठेवायचे या प्रश्नावर भाचीचं ऐकायला हवं.

भाची : बरं, शब्द तुमचे घेतले. पण लक्षात कसे राहणार? तुम्ही म्हणाल, वाच, ऐक, हळूहळू येतील. हळूहळू मला परवडत नाही. एक शब्द वाचण्यात आज भेटला तर पुन्हा महिन्याने भेटतो, तोवर मी तो विसरलेली असते. म्हणून मी कार्ड करते. सांगलीला क्लासला जाताना बसमध्ये मोबाइलवर काढून बसते. जे कार्ड आलं ते चार दिवसांनी दिसतं, पुन्हा आलं की दहा दिवसांनी. जे चुकलं ते उद्याच समोर.

मामा : ही युक्ती मोबाइलच्या फार आधीची आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. सेबास्टियन लाइटनरने १९७२ मध्ये त्यावरून कप्प्यांची पेटी सुचवली. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं पहिल्या कप्प्यात. तुझा मोबाइल तेच करतो.

भाची : मग तुम्हाला मान्य आहे.

मामा : पेटी मान्य. कार्ड दाखव. हे बघ, एका बाजूला ‘स्टिच’, दुसऱ्या बाजूला ‘टाका’. यावरून तुला वाक्य करता येईल? टाके मराठीत घालतात आणि काढतात. सलाईन लावतात, इंजेक्शन देतात, बीपी बघतात, ताप येतो, चढतो, उतरतो. मराठीत हे तुला कुणी शिकवलं नाही, पण कुणी ‘सलाईन घातलं’ म्हणालं तर तुला लगेच खटकेल. इंग्रजीतही प्रत्येक शब्दाचं असं ठरलेलं गोत असतं. टाके ‘पुट इन’ करतात, ‘टेक आउट’ करतात. पेशंटला ‘पुट ऑन अ ड्रिप’ करतात. ताप ‘गोज अप’, ‘कम्स डाउन’. कार्डावर एकटा शब्द लिहू नकोस. त्याच्यासोबत येणारं क्रियापद लिही, पेशंटच्या तोंडचं एक वाक्य लिही.

भाची : मग दिवसाला पन्नास होणार नाहीत. दहा होतील.

मामा : दहा होऊ देत.

भाची : दहांनी काय होतं, मामा? वाचनाच्या पेपरचा पहिला भाग असा आहे, की पंधरा मिनिटांत चार उतारे चाळून वीस उत्तरं द्यायची. तिथे शब्द डोळ्यांसमोर आला की अर्थ लागलाच पाहिजे. वाक्य बनवता आलं नाही तरी चालतं, ओळखता आला पाहिजे. ओळखण्याचे शब्द वेगळे आणि वापरण्याचे वेगळे. ओळखण्याचे मी पन्नासच करणार, एका शब्दाला एक अर्थ, बास. वापरण्याचे तुम्ही सांगता तसे दहा.

मामा : हे मात्र तू नीट वेगळं काढलंस. मी दोन्ही एकाच मापाने मोजत होतो.

भाची : आणि शब्दाच्या शेवटी -आयटिस, -एक्टमी, सुरुवातीला हायपो, हायपर, ब्रॅडी, टॅकी हे मूळ शब्दांचं प्रकरण क्लासमध्ये आठवडाभर चालतं. ते आम्ही पहिल्या वर्षालाच शिकलोय. तिथे मी वेळ घालवणार नाही.

मामा : नको घालवूस. नॉर्मन लुइसचं १९४९ चं ते पुस्तक, वर्ड पॉवर मेड ईझी, मी आयुष्यभर प्रेमाने वाचलं. मूळ धातूंवरून शब्द उकलत जायचं त्यात मोठं सुख आहे. तुझ्या परीक्षेला ते नाही लागणार.

भाची : मला मुख्य भीती बोलण्याच्या परीक्षेची आहे. समोरचा माणूस पेशंट होतो, मी नर्स. असे दोन प्रसंग, साधारण पाच-पाच मिनिटांचे. तिथे कार्ड आठवत बसायला वेळ नसतो.

मामा : मग मला एक सांग, तुमच्याकडे सीमेपलीकडचे पेशंट येतात ना? अथणी, रायबाग, चिकोडी?

भाची : रोज येतात. मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या वॉन्लेस डॉक्टरांच्या काळापासून इथे त्या बाजूचे लोक येतातच. कितीतरी पेशंटना कानडीशिवाय काही येत नाही.

मामा : त्यांच्याशी तू बोलतेस कशी?

भाची : येतं थोडंफार. ‘एल्ली नोवु’ म्हणजे कुठे दुखतंय. तलेनोवु म्हणजे डोकेदुखी, होट्टेनोवु म्हणजे पोटदुखी. नीरु म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण. जेवण झालं का, संडास झाली का, रात्री झोप लागली का, एवढं विचारता येतं.

मामा : यादी कुणी दिली होती?

भाची : ठाऊक होतं मला, तुम्ही इथेच आणणार. मामा, कानडी मला आली कारण कानडी पेशंट समोर होता. तो दुखतंय म्हणून हात धरून सांगत होता आणि मला कळणं भाग होतं. एकदा विचारलं, चुकलं, त्याच्या मुलाने दुरुस्त केलं, पुन्हा विचारलं. इंग्रज पेशंट मी कुठून आणू? तो भेटण्याआधीच मला परीक्षा पास व्हायचीय. वातावरण असलं की यादी लागत नाही हे तुमचं खरंय. ज्यांना वातावरण नाही त्यांनी काय करायचं, ते तुमच्या म्हणण्यात येत नाही.

मामा : येत नव्हतं, खरं आहे. मग निदान असं कर. पेशंट इंग्रज नाही, पण दुखणं तर तेच आहे. ड्युटीवर पेशंट मराठीत जे सांगतात ते टिपून घे आणि रोज त्यातल्या तीन-चार तक्रारींचं इंग्रजी शोध.

भाची : आज काय काय ऐकलं सांगू? एक आजी म्हणाल्या, छातीत चमक निघते. एकाचा पाय ठणकत होता. एकीला पोटात मुरडा येत होता. डायबेटिसच्या एका काकांच्या तळपायाला मुंग्या येतात आणि रात्री आग होते. आणि एक जण नुसतंच ‘कसंतरी होतंय’ म्हणाले, त्यांचा आम्ही ताबडतोब ईसीजी काढला.

मामा : चमक म्हणजे ‘शूटिंग पेन’ किंवा ‘स्टॅबिंग’. ठणका म्हणजे ‘थ्रॉबिंग’. मुरडा ‘क्रॅम्प’. मुंग्यांना ते ‘पिन्स अँड नीडल्स’ म्हणतात. आग ‘बर्निंग’. रोनाल्ड मेल्झॅक नावाचे मानसशास्त्रज्ञ कॅनडात मॅक्गिल विद्यापीठात होते. पेशंट वेदनेला काय काय म्हणतात ते त्यांनी गोळा केलं आणि १९७५ मध्ये त्याची प्रश्नावली छापली. वीस गटांत अठ्ठ्याहत्तर शब्द. पेशंट कुठला शब्द निवडतो यावरून दुखणं कुठल्या जातीचं, याचा माग लागतो.

भाची : ते आम्ही मराठीत रोजच करतो. आग होते म्हणाला की नसेचं दुखणं मनात येतं, मुरडा म्हणाला की आतड्याचं. अठ्ठ्याहत्तर शब्दांची ती यादी मला द्या. ती मी पाठ करीन.

मामा : आता तू यादी मागतेस आणि मला ती द्यावीशी वाटते.

भाची : कारण त्यातल्या प्रत्येक शब्दाला माझ्या वॉर्डातला एखादा बेड नंबर जोडता येतो.

तिच्या या वाक्यापाशी थोडं थांबावंसं वाटतं. नव्या भाषेतला शब्द शिकताना आपल्या मुली कोऱ्या पाटीने बसलेल्या नसतात. केस पेपरवर ‘कॉन्स्टिपेशन’ लिहिणारी मुलगी पेशंटला ‘परसाकडला साफ होतंय का’ असं विचारते. कागदाची भाषा आणि माणसाची भाषा यांमध्ये ती आठ तास ये-जा करत असते. इंग्रजीत तिला हेच करायचं असतं, फक्त माणसाचं इंग्रजी तिला कुणी दिलेलं नसतं. तिच्या पाठ्यपुस्तकांनी दिलं ते सगळं कागदाचं.

मामा : बोलण्याच्या परीक्षेत गुण कशाला आहेत ते वाचलंस?

भाची : वाचलं. उच्चार समजतो का, ओघ आहे का, व्याकरण आणि शब्दांचा आवाका, आणि भाषा समोरच्याला योग्य आहे का. शिवाय पेशंटशी नातं जोडणं, त्याची बाजू समजून घेणं, माहिती काढणं, माहिती देणं यांचे वेगळे.

मामा : म्हणजे पेशंटला ‘हायपरटेन्शन’ म्हणालीस आणि तो गोंधळला, तर अवघड शब्द वापरूनही तुझं नुकसानच. त्याला ‘हाय ब्लड प्रेशर’ म्हण. लेखनात मात्र उलट. तिथे केस नोट्स देतात, आणि त्यांवरून एकशे ऐंशी ते दोनशे शब्दांचं पत्र लिहायचं असतं. डॉक्टरला लिहिताना ‘हायपरटेन्शन’ चालेल. घरी येऊन ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला काय हवं, ते वेगळं. नोट्समधलं काय गाळायचं हेही तपासतात. पेशंटच्या लहानपणीच्या टॉन्सिलचं ऑपरेशन हृदयाच्या पत्रात कशाला? मी म्हणतो, रोज एक पत्र लिही.

भाची : रोज नाही जमणार. नाइट ऑफच्या दिवशी लिहीन. आणि क्लासने ज्या ओळी पाठ करायला दिल्यात त्यांचं काय? ‘आय ॲम सॉरी टू हिअर दॅट’, ‘आय कम्प्लीटली अंडरस्टँड युअर कन्सर्न’. दर दोन मिनिटांनी म्हणा म्हणतात.

मामा : पेशंट म्हणाला, ‘माय डॉटर इज कमिंग टू सी मी टुडे’, आणि तू ‘सॉरी टू हिअर दॅट’ म्हणालीस तर?

भाची : तेवढं कळतं मला! पण खरं सांगू, घाबरले की तोंडातून पाठ केलेलंच बाहेर येतं. आमच्या वॉर्डात नवीन मुली असंच करतात, सगळ्यांना ‘काही होत नाही, बरं वाटेल’ म्हणत सुटतात. ज्याला कॅन्सर निघालाय त्यालाही. त्या शब्दांनी पेशंटला धीर येत नाही, उलट तो बोलायचा थांबतो. म्हणून या ओळी मी कार्डावर घेणार नाही. त्याऐवजी दुसऱ्या ओळी घेणार.

मामा : कुठल्या?

भाची : विचारण्याच्या. तुम्ही मघाशी वॉटरवर्क्स सांगितलं, पूअरली सांगितलं. असे आणखी किती असतील? मँचेस्टरला वेगळे, ग्लासगोला वेगळे. ती यादी कधीच संपणार नाही, आणि तुमच्या वाचनानेही संपणार नाही. कानडी आजी एखादा शब्द बोलली आणि मला कळला नाही, तर मी हसून मान हलवत नाही. मी म्हणते, दाखवा कुठे, कसं होतं, कधीपासून. इंग्रजीतही मला तेवढं अस्खलित आलं पाहिजे. ‘व्हॉट डू यू मीन बाय दॅट?’ हे जरा तोडून टाकल्यासारखं वाटतं. ‘कुड यू टेल मी अ बिट मोअर अबाउट दॅट?’ ‘व्हेन यू से डिझी, इज द रूम स्पिनिंग, ऑर डू यू फील फेंट?’ असे वीस प्रश्न मला झोपेतून उठवलं तरी आले पाहिजेत. ते मी शब्दशः पाठ करणार आहे, आणि तुम्ही ते रोज घ्यायचे आहेत.

मामा : परीक्षेतही पेशंटचं बोलणं मोघम असेल तर खुलासा करून घेणं हे माहिती काढण्याच्या गुणांत धरतात. पण मला वाटत होतं, शब्द अडला की विचारणं ही कमीपणाची गोष्ट. चाळीस वर्षं वर्गात मी हेच शिकवलं असणार. अडलं की खाली बस.

भाची : वॉर्डात न विचारता पुढे जाणारी नर्स धोक्याची. आमच्या मेट्रन पहिल्या दिवशी हेच सांगतात.

मामा : बरं, मग आजपासून घेतो. यादी?

भाची : ओळखण्यासाठी कॉक्सहेडची ५७०ची आणि एनएचएसच्या पानांतले शब्द. वापरण्यासाठी दुखण्याचे अठ्ठ्याहत्तर आणि पेशंटच्या तोंडचे, वाक्यासकट. विचारण्याचे वीस प्रश्न पाठ. क्लासची यादी ठेवते, पण त्यातले केस पेपरवर दिसतात तेवढेच ठेवून बाकीच्यांवर काट मारते. तुम्ही करा सुरुवात. तुम्ही पेशंट.

मामा : थांब, चष्मा काढतो. हं. ‘सिस्टर, आय हॅड अ फनी टर्न धिस मॉर्निंग.’

भाची : ‘ओ डिअर. डिड यू फॉल? डिड यू हिट युअर हेड?’

मामा : अगं, आधी त्याला बोलू दे. ‘टेल मी मोअर’ म्हण. फनी टर्न म्हणजे चक्कर की आणखी काही हे त्याच्याच तोंडून येऊ दे. दोन बंद प्रश्न लागोपाठ विचारलेस, परीक्षक तिथे गुण कापेल.

भाची : कापू देत. म्हातारा माणूस चक्कर आली म्हणतो तेव्हा पडला का, डोक्याला लागलं का, हे आधी विचारायचं. रक्त पातळ करायच्या गोळीवर असेल तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. ते कळल्यावर ‘टेल मी मोअर’ म्हणते.

मामा : परीक्षेतसुद्धा असाच क्रम ठेवणार?

भाची : परीक्षेतसुद्धा. चला, पुढचं बोला. तुम्ही पडलात का नाही?